खुर्च्या आवरेपर्यंत

३ जानेवारी २०१२ची रात्र. आयोवा राज्यात बोचरी थंडी पडली आहे. शाळेच्या जिममध्ये, चर्चच्या तळघरात, गावाच्या ग्रंथालयात घडीच्या खुर्च्या मांडल्या आहेत आणि आसपासच्या गल्ल्यांतले रिपब्लिकन मतदार एकेक करून आत येत आहेत. प्रत्येक उमेदवाराच्या बाजूनं कुणीतरी शेजारीपाजारी उठतो आणि दोन-तीन मिनिटं बोलतो. मग कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या जातात. नाव लिहायचं, घडी घालायची, पेटीत टाकायची. मोजणी तिथंच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होते. आकडा राज्य पक्षाच्या कार्यालयाला कळवला जातो आणि थोड्या वेळात तो टीव्हीवर झळकू लागतो. बहुतेक माणसं याच क्षणी कोट चढवतात. सकाळी कामावर जायचं असतं, मुलं घरी वाट पाहत असतात.

पण सभा संपलेली नसते. जाहीरनाम्यासाठी ठराव मांडायचे असतात, त्या प्रिसिंक्टची, म्हणजे मतदान विभागाची, पक्षसमिती निवडायची असते, आणि काउंटीच्या अधिवेशनाला कोण जाणार याची नावं घ्यायची असतात. एक कागद हातोहात फिरतो. जागा बऱ्याच असतात आणि इच्छुक थोडे, त्यामुळे नाव लिहिणाऱ्याला सहसा कुणी हरकत घेत नाही. त्या कागदावरची माणसं पुढं काउंटीच्या अधिवेशनात जातात, तिथून निवडलेली माणसं जिल्ह्याच्या आणि राज्याच्या अधिवेशनात जातात, आणि राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या राष्ट्रीय अधिवेशनातले डेलिगेट, म्हणजे प्रतिनिधी, या शेवटच्या दोन पायऱ्यांवर निवडले जातात. २०१२मध्ये आयोवाच्या रिपब्लिकन पक्षाची पद्धत अशी होती की चिठ्ठ्यांचा निकाल कुणावरही बंधनकारक नव्हता. चिठ्ठी हा लोकांचा कौल होता. सत्ता त्या फिरणाऱ्या कागदात होती.

त्या रात्री टेक्ससचे खासदार रॉन पॉल तिसरे आले. चिठ्ठ्यांतली त्यांची मतं साधारण २१ टक्के होती. ऑगस्टच्या अखेरीस टॅम्पा इथं राष्ट्रीय अधिवेशनात एकेका राज्याची मतं पुकारली गेली, तेव्हा आयोवाच्या २८ मतांपैकी २२ रॉन पॉल यांना मिळाली. उरलेली ६ पक्षाची उमेदवारी मिळवणाऱ्या मिट रॉम्नी यांना.

हे घडलं कसं, आणि यात गैर काय नि रास्त काय, हे समजून घ्यायचं तर आधी ‘राज्य पक्ष’ ही वस्तू समजून घ्यावी लागते. अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्ष हा शब्दच नाही. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार कसा निवडावा यावर घटना काही बोलत नाही. ती जागा राज्यांच्या कायद्यांनी आणि पक्षांच्या नियमांनी भरून काढली. डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन हे दोन पक्ष आपल्याला दुरून अखंड दिसतात, पण प्रत्यक्षात दोन्ही पक्ष प्रत्येक राज्यात वेगळे नोंदलेले, वेगळ्या घटनेचे, वेगळ्या तिजोरीचे आहेत. राष्ट्रीय समिती चौकट आखून देते. वेळापत्रक मोडलं तर डेलिगेट कापण्याची धमकी देऊ शकते आणि कधी कधी खरंच कापते. २००८मध्ये मिशिगन आणि फ्लोरिडा यांनी ठरलेल्या तारखेआधी मतदान उरकलं, तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षानं आधी त्यांचे सगळे डेलिगेट रद्द केले, मग मेअखेरीस अर्ध्या मताचा अधिकार परत दिला. पण चौकटीच्या आत कोणाला निवडायचं, कोणत्या खोलीत आणि किती वाजता, हे राज्य पक्ष ठरवतो.

प्रायमरी आणि कॉकस यांतला फरकही इथूनच येतो. प्रायमरी म्हणजे सरकारी यंत्रणेनं घेतलेली निवडणूक: मतदानकेंद्र सकाळी उघडतं, संध्याकाळी बंद होतं, मधल्या वेळेत कधीही जा. कॉकस ही पक्षाची सभा. ठरल्या वेळी दार लागतं. रात्रपाळीची नर्स, ट्रकचालक, तान्ह्या मुलाची आई यांच्यासाठी त्या दाराचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. आयोवात २०१२मध्ये नोंदणी केलेले रिपब्लिकन सहा लाखांहून अधिक होते. चिठ्ठी टाकायला सव्वा लाखाच्या आसपास आले, आणि त्यातलेही बरेच कागद फिरायच्या आधी निघून गेले.

ही सभा देशभरच्या कॅमेऱ्यांचं लक्ष्य होईल असं ती सुरू करणाऱ्यांना वाटलंही नव्हतं. १९६८च्या शिकागो अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षानं ह्यूबर्ट हम्फ्री यांना उमेदवारी दिली. हम्फ्री यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. राज्याराज्यांतल्या पुढाऱ्यांनी आपापले डेलिगेट त्यांच्या मागं उभे केले होते. सभागृहात आरडाओरड आणि बाहेर रस्त्यावर पोलिसांच्या लाठ्या, हे दृश्य देशानं टीव्हीवर पाहिलं. त्यानंतर जॉर्ज मॅक्गव्हर्न आणि पुढं डोनाल्ड फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं नियम केले: सभा उघड्या हव्यात, आगाऊ सूचना हवी, पुढाऱ्याच्या खिशात डेलिगेट नकोत. आयोवाच्या डेमोक्रॅट्सनी हे मनावर घेतलं. प्रिसिंक्ट, काउंटी, जिल्हा, राज्य अशा चार पायऱ्या आणि दर दोन पायऱ्यांमध्ये पुरेसं अंतर ठेवायचं ठरलं, कारण प्रत्येक पायरीची कागदपत्रं चक्रमुद्रणावर छापून वाटायची होती आणि पक्षाच्या कचेरीतलं यंत्र जुनं, संथ होतं. राज्य अधिवेशनासाठी डे मॉईन शहरात हव्या त्या दिवसांत हॉटेलच्या खोल्या मिळेनात, म्हणून तारीख मेमध्ये सरकली. तिथून उलटं मोजत आलं तर पहिली सभा २४ जानेवारी १९७२ला पडली. न्यू हॅम्पशरच्या प्रायमरीच्याही आधी.

चार वर्षांनी जिमी कार्टर नावाच्या, जॉर्जियाबाहेर फारशा कुणाला माहीत नसलेल्या माजी गव्हर्नरनं या तारखेचा अर्थ ओळखला. १९७६मध्ये आयोवात त्यांना साधारण २८ टक्के मिळाले. त्याहून मोठा, ३७ टक्क्यांचा गट ‘अजून कुणाचेच नाही’ म्हणणाऱ्यांचा होता. पण वर्तमानपत्रांना नाव हवं असतं, आणि नावांमध्ये कार्टर पहिले होते. तिथून पुढं आयोवाची रात्र ही बातमीची रात्र झाली. चार पायऱ्यांची लांबलचक रचना मात्र तशीच खाली राहिली, जिला पाहायला कुणी जाईना.

रॉन पॉल यांचे कार्यकर्ते नेमके तिथं गेले. त्यात तरुण खूप होते. पैशाचं धोरण, युद्धं, सरकारचा आकार यांवर रात्र-रात्र बोलणारी, नियमांची पुस्तिका पाठ केलेली ही माणसं होती. रिपब्लिकन पक्षात असं पहिल्यांदा घडत नव्हतं. १९८८मध्ये टीव्हीवरचे धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन आयोवात थोरल्या बुश यांना मागं टाकून दुसरे आले. त्यांची मोहीम काही आठवड्यांत विझली, पण चर्चमधून आलेले त्यांचे लोक अनेक राज्यांत पक्षाच्या समित्यांवर बसले आणि तिथंच राहिले. पॉल यांच्या लोकांनी हा धडा अधिक बारकाईनं गिरवला. चिठ्ठी टाका, पण घरी जाऊ नका. खुर्च्या आवरेपर्यंत थांबा. कागदावर नाव लिहा. मार्चमध्ये काउंटीला जा, एप्रिलमध्ये जिल्ह्याला, जूनमध्ये राज्याला, आणि प्रत्येक ठिकाणी शेवटपर्यंत बसा.

त्यात त्या वर्षी आयोवाच्या पक्षयंत्रणेची पतही घसरली. ३ जानेवारीच्या रात्री रॉम्नी आठ मतांनी जिंकल्याचं जाहीर झालं: ३०,०१५ विरुद्ध ३०,००७. दोन आठवड्यांनी प्रमाणित आकडे आले, तेव्हा तिसरे स्पर्धक रिक सँटोरम ३४ मतांनी पुढं निघाले, आणि आठ प्रिसिंक्टची कागदपत्रं सापडलीच नाहीत. सँटोरम यांना त्या रात्रीच्या विजयाची हवा कधीच मिळाली नाही. राज्य पक्षाचे अध्यक्ष मॅट स्ट्रॉन यांनी महिना संपायच्या आत राजीनामा जाहीर केला. फेब्रुवारीत राज्य पक्षाच्या केंद्रीय समितीनं त्यांच्या जागी ए. जे. स्पायकर यांना निवडलं. स्पायकर रॉन पॉल यांच्या आयोवातल्या मोहिमेचे पदाधिकारी होते.

नेव्हाडातही हेच. तिथल्या कॉकसमध्ये रॉम्नी यांना निम्मी मतं होती, पण मेमधल्या राज्य अधिवेशनात पॉल समर्थकांनी २५पैकी २२ डेलिगेट मिळवले. त्यांच्यापैकी बहुतेकांवर पहिल्या फेरीत रॉम्नी यांनाच मत द्यायचं बंधन होतं, तरी टॅम्पात १७ मतं पॉल यांना गेली. मेन राज्यातही पॉल यांच्या लोकांनी राज्य अधिवेशन ताब्यात घेतलं. राष्ट्रीय समितीनं त्यांच्या सुमारे निम्म्या जागा काढून दुसऱ्यांना दिल्या, तेव्हा मेनचे काही डेलिगेट सभागृह सोडून निघून गेले.

मी या घटनेकडे जितक्या वेळा पाहतो तितक्या वेळा मन दोन्हीकडे ओढलं जातं. पॉल यांच्या लोकांनी कुणाची पेटी फोडली नाही, खोटं मत घातलं नाही. सभा सगळ्यांना खुली होती आणि ते थांबले, एवढंच. ज्या लोकशाहीत लोक सभेला थांबत नाहीत म्हणून आपण हळहळतो, तिथं थांबणाऱ्यांना दोष कसा द्यावा? पण त्याच रात्री एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं काठी टेकत, बर्फातून येऊन सँटोरम यांचं नाव लिहिलं असेल, तर त्याला कुणी सांगितलं नव्हतं की तुझी चिठ्ठी मोजली जाईल, पण धरली जाणार नाही. लोकांना मत विचारायचं आणि निर्णय दुसऱ्याच दारानं घ्यायचा, हा दोष राज्य पक्षाच्या रचनेचा होता. त्याची जबाबदारी ती रचना वर्षानुवर्षं तशीच ठेवणाऱ्यांवर येते.

टॅम्पातच रॉम्नी यांच्या वकिलांनी नियम बदलून घेतले. राज्यभर मतदारांचा कौल घेतला, तर तो डेलिगेटवर बंधनकारक राहील, असा नवा नियम आला. आयोवाचा प्रकार पुन्हा होऊ नये हा हेतू. पण भोक बुजवलं की पाणी दुसरीकडून वाट काढतं. कोलोरॅडोच्या रिपब्लिकन पक्षाला आपल्या डेलिगेटचे हात बांधून घ्यायचे नव्हते. कौल घेतला तर बंधन येतं, म्हणून ऑगस्ट २०१५मध्ये त्यांच्या कार्यकारिणीनं कौल घेणंच रद्द केलं. पुढल्या मार्चमध्ये कोलोरॅडोत कॉकस झाले, पण राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांना मत देण्याची सोयच नव्हती. जिल्ह्यांच्या सभांतून आणि ९ एप्रिल २०१६च्या राज्य अधिवेशनातून डेलिगेट निवडले गेले. उमेदवारीच्या शर्यतीतल्या टेड क्रूझ यांच्या लोकांनी महिनोन्‌महिने तयारी केली होती. निवडून द्यायचे सगळेच्या सगळे ३४ डेलिगेट त्यांनी घेतले. डोनाल्ड ट्रम्प यांनी सगळी व्यवस्थाच लबाडीची असल्याचा आरोप केला. नियम महिनोन्‌महिने आधी छापलेले होते, तेव्हा लबाडी म्हणणं मला पटत नाही. पण ज्यांना मत देताच आलं नाही अशा लाखो रिपब्लिकनांच्या रागाला ट्रम्प यांच्या शब्दांत आवाज मिळाला, हेही खरं. त्याच नोव्हेंबरात कोलोरॅडोच्या मतदारांनी थेट सार्वमतानं प्रायमरी परत आणली.

त्याच वसंतात नेव्हाडात डेमोक्रॅट्सची लढाई चालू होती. फेब्रुवारीच्या कॉकसमध्ये हिलरी क्लिंटन यांनी बर्नी सँडर्स यांना पाचेक टक्क्यांनी हरवलं होतं. एप्रिलमध्ये, लास व्हेगास ज्या क्लार्क काउंटीत आहे तिथल्या अधिवेशनात क्लिंटन यांचे बरेच डेलिगेट आलेच नाहीत, सँडर्स यांचे आले, आणि पारडं उलटलं. १४ मे रोजी पॅरिस हॉटेलात राज्य अधिवेशन भरलं. सभागृहात क्लिंटन यांचे १,६९५ आणि सँडर्स यांचे १,६६२. फरक ३३ माणसांचा. सँडर्स यांच्या पन्नासहून अधिक डेलिगेटना नोंदणीतल्या त्रुटींवरून नाकारण्यात आलं. सुरुवातीचे नियम आवाजी मतदानानं संमत झाले, आणि आवाज कुणाचा मोठा होता यावर भांडण पेटलं. रात्री उशिरा सुरक्षारक्षकांची वेळ संपल्यानं हॉटेलनं सभा आवरती घ्यायला लावली. पक्षाध्यक्ष रोबर्टा लँग यांना पुढचे दिवस फोनवरून शिवीगाळ आणि जिवे मारण्याच्या धमक्या येत राहिल्या. प्रत्यक्षात पणाला लागले होते जेमतेम दोन डेलिगेट. एवढा राग दोन जागांसाठी नव्हता. आपल्याला घरातले समजलं जात नाही, ही सँडर्स यांच्या लोकांची खरी जखम होती.

डेमोक्रॅटिक पक्षात या भावनेला आणखी एक कारण होतं. संसदेचे सदस्य, गव्हर्नर आणि राष्ट्रीय समितीचे सभासद तिथं निवडून न येताच डेलिगेट असतात. बेळगावात वाढलेले आणि मराठीत आत्मचरित्र लिहिलेले श्री ठाणेदार जानेवारी २०२३मध्ये मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात गेले, म्हणजे २०२४च्या अधिवेशनात त्यांची जागा अशी पदामुळे आलेली होती. २०१६च्या कडवटपणानंतर, २०१८मध्ये, पक्षानं या मंडळींचा पहिल्या फेरीतला निर्णायक मताधिकार काढून घेतला.

आता नेव्हाडाची गोष्ट पुढं न्यायला हवी, कारण तिचं खरं फळ पाच वर्षांनी आलं. सँडर्स यांचे समर्थक थांबून राहिले, समित्यांवर निवडून येत गेले, आणि मार्च २०२१मध्ये त्यांच्या गटाच्या ज्युडिथ व्हिटमर राज्य पक्षाच्या अध्यक्ष झाल्या. त्याच दिवशी पक्ष कार्यालयातल्या सगळ्या पगारी कर्मचाऱ्यांनी नोकरी सोडली. अध्यक्षपदाच्या या निवडणुकीच्या आधीच पक्षाच्या खात्यातले साडेचार लाख डॉलर सिनेट निवडणुका पाहणाऱ्या राष्ट्रीय समितीकडे वळवले गेले होते. २०२२च्या प्रचाराचं काम राज्य पक्षाकडून काढून वाशो या काउंटीच्या पक्षामार्फत चालवलं गेलं. २०२३मध्ये व्हिटमर यांचा पराभव झाला आणि डॅनिएल मनरो-मोरेनो अध्यक्ष झाल्या.

हे वाचताना २०१२चं नेव्हाडा आठवतं. तिथं रिपब्लिकन राज्य पक्षात पॉल यांचे लोक शिरले, तेव्हा रॉम्नी यांच्या मोहिमेनं आणि राष्ट्रीय समितीनं ‘टीम नेव्हाडा’ नावाची वेगळीच यंत्रणा उभी केली. पक्ष वेगळा, दशक वेगळं, माणसं वेगळी, पण राज्य एकच आणि प्रतिक्रियाही एकच.

कारण राज्य पक्ष म्हणजे नुसती समिती नव्हे. मतदारांची अद्ययावत यादी त्याच्याकडे असते. टपाल खातं त्याला स्वस्त दरात पत्रकं पाठवू देतं. राष्ट्रीय समिती त्याच्याकडे हवा तेवढा पैसा कायदेशीरपणे वळवू शकते. देणगीदार, अनुभवी कर्मचारी, आमदारांचे फोन नंबर हे सगळं त्या घरात असतं. सभेत बहुमत मिळवलं की घराचा दरवाजा उघडतो, पण आतलं सामान कुणाचं याचा निकाल सभेत लागत नाही. पैसा आणि माणसं उठून दुसऱ्या दारी जाऊ शकतात. थांबून राहणाऱ्यांच्या मार्गातली ही सर्वांत मोठी अडचण आहे, आणि तिची कल्पना त्यांना सहसा जिंकल्यानंतर येते.

२०२४मध्ये त्याच नेव्हाडात आणखी वेगळं घडलं. राज्याच्या नव्या कायद्यानं सरकारी प्रायमरी ठरली, ६ फेब्रुवारीला. रिपब्लिकन राज्य पक्षानं ती मानली नाही आणि ८ फेब्रुवारीला स्वतःचं कॉकस ठेवलं. डेलिगेट फक्त कॉकसमधून मिळणार, आणि प्रायमरीत नाव देणाऱ्याला कॉकसमध्ये बंदी. ट्रम्प यांच्या प्रतिस्पर्धी निकी हेली प्रायमरीत उतरल्या, जिथं शर्यतीत अजून टिकलेलं मोठं नाव दुसरं नव्हतं, आणि ‘यांपैकी कुणीही नाही’ या पर्यायानं दुपटीहून अधिक मतं घेऊन त्यांना हरवलं. दोन दिवसांनी ट्रम्प यांनी कॉकसमधले सगळे डेलिगेट घेतले. सरकारनं जनतेच्या पैशानं घेतलेल्या निवडणुकीची किंमत शून्य ठरवण्याइतकी ताकद राज्य पक्षात आहे, हे इतक्या उघडपणे क्वचितच दिसलं असेल. माझ्या मते हा मतदारांचा अपमान होता, आणि तो कोणत्या उमेदवाराच्या फायद्याचा ठरला यानं त्यात फरक पडत नाही.

आयोवात मात्र स्पायकर यांच्या अध्यक्षपदाचं पुढं काय झालं, ते सांगायचं राहिलं. गव्हर्नर टेरी ब्रॅन्स्टॅड आणि जुने रिपब्लिकन राज्य पक्षावर नाराज होते. देणगीदार हात आखडून बसले. त्यांच्यातले काहीजण नवी यंत्रणा उभारायची भाषा करत होते. पण ब्रॅन्स्टॅड यांच्या माणसांनी शेवटी जो रस्ता धरला तो पॉल यांच्या तरुणांनीच दाखवलेला होता. २१ जानेवारी २०१४च्या रात्री आयोवात पुन्हा कॉकस होते. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक नसल्यानं ना कॅमेरे होते ना उमेदवार, चिठ्ठीही नव्हती. होता तो फक्त हातोहात फिरणारा कागद. या वेळी ब्रॅन्स्टॅड यांचे लोक ठरवून आले, थांबले, आणि नावं लिहिली. एप्रिलच्या जिल्हा अधिवेशनांत केंद्रीय समितीचं बहुमत फिरलं. स्पायकर यांनी त्याआधीच पद सोडून रॉन पॉल यांचे चिरंजीव रँड पॉल यांच्या कामाला वाहून घेतलं होतं. जूनमध्ये नव्या समितीनं जेफ कॉफमन यांना अध्यक्ष केलं.

१ फेब्रुवारी २०१६ला रँड पॉल आयोवात साडेचार टक्के मतं घेऊन पाचवे आले आणि दोन दिवसांनी शर्यतीतून बाहेर पडले. कॉफमन २०२०मध्येही अध्यक्ष होते आणि २०२४मध्येही.